हॉटेलची जुनी क्रोकरी जमवताना: शिक्क्याआधी थाळी हातात घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. न्यू जर्सीत एका इस्टेट सेलमध्ये, म्हणजे घर मोडताना घरातलं सगळं सामान दाराशी विकायला काढतात तिथे, तुम्हाला चार डॉलरला एक जडशीळ, हस्तिदंती रंगाची लंबगोल थाळी मिळाली. काठाला दोन हिरवे पट्टे, मागे ‘स्कॅमेल्स लॅम्बर्टन चायना’ असा शिक्का. ती खरी आहे का, तिच्यात जेवलं तर चालेल का, अशी आणखी भांडी जमवायची तर सुरुवात कुठून करायची, आणि दोन वर्षांनी पुण्याला परत जाताना हे ओझं नेता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

मी पश्चिम पेनसिल्व्हेनियात राहते आणि गेली सव्वीस वर्षं अमेरिकन हॉटेलांची, रेल्वेच्या भोजनडब्यांची, इस्पितळांची जुनी चिनीमातीची भांडी जमवते. न्यू कॅसल, बीव्हर फॉल्स, ईस्ट लिव्हरपूल, न्यूएल, वेल्सव्हिल ही सगळी कारखान्यांची गावं माझ्या घरापासून गाडीने फार लांब नाहीत. माती, ओहायो नदी आणि भट्टीला लागणारा नैसर्गिक वायू हे तिन्ही इथे एकत्र होतं, म्हणून हा धंदा इथे वाढला. देशात याच्या तोडीचं दुसरं मोठं केंद्र म्हणजे तुमच्या हाताशी असलेलं ट्रेंटन.

थाळी खरी आहे. गाडीने फिलाडेल्फियाकडे जाताना डेलावेअर नदीवरच्या पुलावर ‘ट्रेंटन मेक्स, द वर्ल्ड टेक्स’ ही मोठाली अक्षरं तुम्ही पाहिली असतील. ट्रेंटन जे ‘मेक’ करत होतं त्यात चिनीमातीचा वाटा फार मोठा होता. थॉमस मॅडॉक या कुंभार-कारखानदाराने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे संडासाची चिनीमातीची भांडी बनवायला सुरुवात केली आणि ते शहर त्यासाठी देशभर गाजलं. लॅम्बर्टनचा कारखाना आधी मॅडॉक नावाखाली चालायचा, १९२०च्या दशकात तो स्कॅमेलकडे आला आणि १९५४ मध्ये बंद पडला. पुढे ‘लॅम्बर्टन’ हे नाव ओहायोतल्या वेल्सव्हिलच्या स्टर्लिंग चायनाने घेतलं, म्हणून नंतरच्या भांड्यांवर ‘लॅम्बर्टन’सोबत ‘स्टर्लिंग’ दिसतं. तुमच्या शिक्क्यात स्कॅमेल आहे, म्हणजे थाळी १९२०च्या दशकाचा मध्य ते १९५४ या काळातली. हिरव्या पट्ट्यांचा माल सगळ्याच कारखान्यांनी ढिगाने बनवला, त्यामुळे तिची किंमत काही फार नाही. चार डॉलर रास्त भाव झाला. पण सुरुवातीला हातात घ्यायला याहून चांगलं भांडं मिळणार नाही, आणि ते का तेच आधी सांगते.

नवीन माणूस भांडं उचलतो आणि लगेच उलटं करून शिक्का वाचतो. मीही तेच करायचे. आता शिक्का मी सगळ्यात शेवटी बघते. आधी हात, मग कान, मग डोळे. शिक्का खोटा मारता येतो, अंगची माती खोटी करता येत नाही.

तुमची थाळी दोन्ही हातांनी काठाला धरा आणि बोटं काठाच्या खालच्या बाजूने फिरवा. बऱ्याच अमेरिकन हॉटेल-चायनाला, म्हणजे हॉटेलांसाठी केलेल्या या जाड चिनीमातीच्या भांड्यांना, काठाखाली एक गोलसर, जाड वळ असते. वेटरच्या ओल्या बोटांना पकड मिळावी आणि थाळ्या एकमेकींवर आपटल्या तरी कड उडू नये म्हणून ती ठेवलेली. घरगुती डिनर सेटची कड पातळ निमुळती असते, तिथे ही वळ सापडणार नाही. मग थाळी उलटी करून बुडाची कड बघा. आपल्या ओळखीच्या चिनीमातीच्या भांड्यांचं बूड बहुतेक वेळा खरखरीत, झिलई पुसलेलं असतं. इथला जुना हॉटेलचा माल पुष्कळदा बुडासकट झिलईत बुडवायचे आणि भट्टीत तीन टोकांवर टेकवून भाजायचे. त्या टोकांचे तीन बारीक डाग मागे राहतात, टाचणीने टोचल्यासारखे. पुष्कळ जण त्यांना दोष समजून भाव पाडतात. मला ते दिसले की बरं वाटतं.

आता त्या अंगच्या मातीबद्दल. केओलिन ही पांढरी माती, चिकट माती, गारगोटीचं पीठ आणि फेल्डस्पार नावाचं खनिज यांचं हे मिश्रण. पहिली भाजणी बाराशे अंश सेल्सियसच्या वर जाते. त्या आचेला फेल्डस्पार वितळतो आणि मातीतली बारीक भोकं भरून काढतो, सगळं अंग काचेसारखं एकजीव होतं. झिलईची भाजणी त्यानंतर, कमी आचेवर. असं भांडं आपल्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषतं. घरगुती मातीचं अंग यापेक्षा कितीतरी जास्त पाणी पितं, म्हणून टवका उडाला की तिथे चहाचा, तेलाचा डाग पसरत जातो. तुम्हाला टवका उडालेलं एखादं स्वस्त भांडं मिळालं तर त्या उघड्या जागी पाण्याचा थेंब ठेवून बघा. हॉटेल-चायनावर तो मोत्यासारखा बसून राहतो, साध्या भांड्यावर बघता बघता आत मुरतो.

कानाची परीक्षा तुम्हाला शिकवायची गरज नाही. माठ घेताना आई बोटाच्या पेराने वाजवून बघायची ना, तसंच. थाळी डाव्या हाताच्या तीन बोटांच्या टोकांवर तोलायची, कुठेही तळवा लागू द्यायचा नाही, आणि उजव्या हाताच्या पेराने काठावर टिचकी मारायची. अखंड थाळीतून खणखणीत आवाज येतो आणि तो क्षणभर रेंगाळतो. तडा गेलेल्या थाळीतून भदभद आवाज येतो, जागच्या जागी मरतो. कपबशीतला कप वाजवताना कपाचा कान धरू नका, आवाज दबतो.

हे मी शिकले एका खोल बशीवरून. सुरुवातीच्या वर्षांत पहाटेच्या फ्ली मार्केटमध्ये, म्हणजे जुन्या वस्तूंच्या बाजारात, विजेरीच्या उजेडात, मी शेनँगो चायना या कारखान्याची एक सुरेख सूपची बशी घेतली. पांढरी, काठाला तपकिरी फवाऱ्याची नक्षी. विकणाऱ्याने सांगितलं, अगदी निर्दोष. मी वाजवून पाहिली नाही. घरी आणली, धुतली आणि त्या दुपारी कौतुकाने तिच्यात चिंचगुळाची आमटी वाढली. जेवण झाल्यावर बशी तशीच सिंकमध्ये राहिली. संध्याकाळी घासायला घेतली तर काठापासून मध्यापर्यंत एक बारीक पिवळी रेघ, हातावरच्या रेषेसारखी थोडी वळत गेलेली. किती घासलं तरी जाईना. केसाएवढा तडा होता, डोळ्याला दिसत नव्हता, हळदीने तो रंगवून दाखवला. अखंड झिलईवर हळदीचा डाग टिकत नाही, निघतोच. टिकला तर समजायचं की खाली वाट आहे. ती बशी मी अजून ठेवली आहे, शिकायला येणाऱ्यांना दाखवण्यासाठी.

आता मागची बाजू. शिक्क्यात दोन नावं असू शकतात, एक बनवणाऱ्याचं आणि एक विकणाऱ्याचं. शिकागोचे अल्बर्ट पिक किंवा सॅन फ्रान्सिस्कोचे डोरमन यांची नावं पुष्कळ भांड्यांमागे दिसतात. ते हॉटेलांना सामान पुरवणारे व्यापारी, त्यांच्या भट्ट्या नव्हत्या. नवखे लोक त्यालाच कारखाना समजतात. कधी कधी फक्त व्यापाऱ्याचंच नाव असतं, तेव्हा कारखाना अंगावरून, वळीवरून ओळखावा लागतो.

काळ ठरवायला सगळ्यात सोपा कारखाना सिरॅक्यूस. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूसला १८७१ मध्ये ऑनोंडागा पॉटरी कंपनी सुरू झाली, १९६६ मध्ये तिने सिरॅक्यूस चायना हेच नाव घेतलं, आणि २००९ मध्ये तिथली भट्टी बंद झाली. शिक्क्याच्या खाली बारीक अक्षर-आकड्याची खूण असते आणि १९२० पासून पुढे त्या अक्षरावरून वर्ष काढता येतं. त्याचे तक्ते संग्राहकांकडे सहज मिळतात. त्यांची १९३३ ची ‘इकॉनो-रिम’ तऱ्हा मला विशेष आवडते. काठ अगदी अरुंद ठेवला, म्हणजे जेवायची जागा तेवढीच पण थाळी लहान. रेल्वेच्या भोजनडब्यात टेबल किती बेताचं असतं ते आठवा, म्हणजे यामागचं डोकं लक्षात येईल.

बफेलोची गोष्ट वेगळीच. लार्किन नावाच्या साबण कंपनीने, साबणासोबत बक्षीस द्यायला भांडी लागतात म्हणून, १९०१ मध्ये बफेलो पॉटरी काढली. त्यांच्या पुष्कळ जुन्या भांड्यांवर सरळ सालच छापलेलं असतं. न्यू कॅसलच्या शेनँगोच्या शिक्क्यात गुडघे टेकून मडकं रंगवणारा अमेरिकेचा मूळनिवासी माणूस आहे, तो एकदा पाहिला की विसरत नाही. बीव्हर फॉल्सचा मेयर, कॅलिफोर्नियातल्या एल सेरिटोचा टेपको, हे कारखानेही भेटतील. टेपकोची फुटकी भांडी खाडीकिनारी टाकायचे. आजही रिचमंडजवळ पॉइंट इझाबेलच्या किनाऱ्यावर पायाखाली त्यांचे तुकडे लागतात आणि लोक त्या जागेला टेपको बीच म्हणतात.

एक सावधानता. ‘फिएस्टा’ला याच्यात मिसळू नका. न्यूएलच्या होमर लाफलिनने १९३६ मध्ये काढलेली ती रंगीत भांडी घरगुती होती, तिचं अंग हॉटेलच्या दर्जाचं नव्हतं. १९८६ नंतरची फिएस्टा मात्र पक्क्या भाजणीची आहे. जुन्या लाल-नारिंगी फिएस्टाच्या झिलईत युरेनियम असायचं, १९४३ पर्यंत आणि पुन्हा १९५९ ते १९७२. ती कपाटात शोभेला ठेवा, ताटात नको.

खोटा माल कुठे सापडतो? साध्या पट्ट्यांच्या थाळीत जवळजवळ कधीच नाही, त्यात कुणाला काय मिळणार. खोटं होतं ते नावाच्या मालात. रेल्वे, जहाज, प्रसिद्ध हॉटेल यांचं चिन्ह समोर छापलेल्या भांड्यात. सांता फे रेल्वेच्या सुपर चीफ गाडीसाठी वास्तुविशारद मेरी कोल्टर यांनी १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यू मेक्सिकोतल्या प्राचीन मिम्ब्रेस मडक्यांवरच्या पशुपक्ष्यांवरून ‘मिम्ब्रेन्यो’ नक्षी केली, ती ऑनोंडागा पॉटरीत बनली. तिच्या एकेका थाळीला शेकडो डॉलर पडतात. बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेने १९२७ मध्ये शताब्दीनिमित्त काढलेली निळी भांडी, जी आधी तुमच्या स्कॅमेलनेच बनवली, त्यांचीही तशीच मागणी. दोन्हींच्या नव्या प्रतिकृती निघाल्या आहेत. प्रतिकृती म्हणून विकल्या तर त्यात काहीच वाईट नाही. पण हातोहात फिरत त्या ‘जुन्या’ होतात. मी एका दुकानदाराकडून शताब्दीची म्हणून एक निळी थाळी पैसे मोजून घेतली होती. घरी उजेडात धरली तर निळ्या रेघा नखाला लागत होत्या.

नख हीच कसोटी. जुन्या हॉटेल-चायनावर चित्र बहुतेक झिलईच्या खाली असतं, वर्षानुवर्षं धुऊन ते जाऊ नये म्हणून. नख फिरवलं तर काहीच जाणवत नाही, काचेवरून फिरल्यासारखं वाटतं. पांढऱ्या साध्या जुन्या थाळीवर नंतर कुणी चिन्ह चिकटवून भाजलं असेल तर ते झिलईच्या वर बसतं आणि कडेला नख अडतं. थाळी तिरपी धरून खिडकीच्या उजेडात बघा, चित्राची चमक बाकीच्या थाळीपेक्षा वेगळी दिसेल. आणि सुरीचे ओरखडे बघा. ते चित्राच्या वरून गेलेले असायला हवेत. ओरखडे चित्राखाली शिरले असतील तर चित्र नंतरचं. अर्थात सोनेरी काठ आणि काही खऱ्या चिन्हांची भांडीही झिलईवरच रंगवलेली असतात, त्यामुळे एका खुणेवर निकाल देऊ नका.

आता जेवायचं. इथे मी जरा थांबून लिहिते, कारण आपल्या स्वयंपाकात आंबट फार. जुन्या झिलईत शिसं असणं हे तेव्हा सर्रास होतं. ईस्ट लिव्हरपूलच्या हॉल चायनाने १९११ मध्येच बिनशिशाची झिलई बसवली, पण तो अपवाद. भांड्यातून किती शिसं अन्नात उतरतं यावर सरकारी मर्यादा आल्या त्या १९७०च्या दशकात. पक्क्या भाजलेल्या अखंड झिलईतून ते कमी उतरतं हे खरं, तरी आंबट आणि गरम पदार्थ बराच वेळ राहिला, झिलई झिजलेली किंवा तडकलेली असली, चित्र झिलईच्या वर असलं, तर धोका वाढतो. शिसं आहे का ते घरी पुसून बघायच्या काड्या मिळतात, त्यांवर विसंबू नका. क्ष-किरणांचं यंत्र झिलईत शिसं आहे का ते सांगतं, अन्नात उतरतंय का ते सांगत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत भांड्यात आम्ल भरून ठेवून तपासणी करावी लागते.

म्हणून माझ्या घरचा नियम सांगते. १९७०च्या आधीच्या भांड्यांत सोलकढी, आमसुलाचं सार, चिंचेची आमटी, टोमॅटोचं काहीही, लिंबू पिळलेलं काही, लोणचं, ताक, दही जात नाही. रोजचा चहा त्यांत नाही. गरोदर बाई आणि लहान मुलं यांना त्यांत काहीच वाढायचं नाही. त्या आमटीच्या बशीच्या वेळी मला हे माहीत नव्हतं. तुमच्या थाळीत पोळ्या, घावन, लाडू, फळं, कोरडं फरसाण खुशाल वाढा. दिवाळीत मी तीन कप्प्यांच्या जुन्या ग्रिल प्लेट काढते. एका कप्प्यात चकली, एकात चिवडा, एकात लाडू. पाहुण्यांना वाटतं की या फराळासाठीच केल्या आहेत, आणि खरंच, अमेरिकन डायनरवाल्याने, म्हणजे तिथल्या साध्या खानावळवाल्याने, मांस, बटाटे आणि भाजी एकमेकांत मिसळू नये म्हणून जे केलं ते आपल्या ताटातल्या डाव्या-उजव्या बाजूच्या शिस्तीशी किती जुळतं!

साफ करायचं तर थाळीवरच्या राखाडी रेघा आधी नीट बघा. त्या बहुतेक ओरखडे नसतात, सुरीकाट्याचा धातू झिलईवर घासून राहिलेला असतो. ऑक्झॅलिक आम्ल असलेली भांड्यांची पावडर, मऊ ओला कपडा, हातमोजे, हलका हात. दोन मिनिटांत थाळी उजळते. मग भरपूर पाण्याने धुवा. पावडर सोनेरी काठावर लावू नका. क्लोरीनचं ब्लीच तर कधीच नको, ते तड्यात शिरून झिलई आतून सोलवतं. आणि सोनेरी काठ डिशवॉशरमध्ये किंवा मायक्रोवेव्हमध्ये घालू नका.

काय जमवावं याबद्दल माझं मत ठाम आहे. रेल्वेपासून सुरुवात करू नका. तिथे भाव चढे आणि फसवणूक जास्त. ट्रेंटनपासून करा. तुमच्या दारातलं शहर आहे. कॅडवॉलेडर पार्कमधल्या एलर्सली वाड्यात ट्रेंटनचं नगर संग्रहालय आहे, तिथे इथल्या कारखान्यांची भांडी ठेवली आहेत. न्यू जर्सी राज्य संग्रहालयही त्याच शहरात. एकाच कारखान्याची दहा साधी भांडी, म्हणजे थाळी, बशी, कप, सॉसचं नावेसारखं भांडं, लोण्याच्या गोळीची तीन इंची चिमुकली बशी, अशी शेजारी मांडली की दहा कारखान्यांच्या दहा दिमाखदार थाळ्यांपेक्षा जास्त शिकवतात. एकाच पांढऱ्याच्या किती छटा असतात, वळ कशी बदलली, हे नजरेला कळायला लागतं. लोण्याच्या बशा जरूर घ्या, जागा लागत नाही. आणि जाहिरातीतल्या मापावर जाऊ नका. जुन्या व्यापारी मापात थाळी प्रत्यक्षाहून लहान सांगायचे, म्हणून विकणाऱ्याला विचारा की टेप लावून काठापासून काठापर्यंत किती भरली.

पुण्याला न्यायचं तर थाळ्या आडव्या रचू नका. पुस्तकांसारख्या उभ्या, कडेवर. आडव्या गठ्ठ्यात सगळा धक्का खालच्या थाळीवर येतो. दोन थाळ्यांमध्ये जुन्या सुती साडीची चौपदरी घडी, बाहेरून दोन खोकी एकात एक, मधल्या फटीत कपडे ठासून. कपांच्या पोटात मोजे भरा, कानाभोवती वेगळी गुंडाळी. मी दोनदा अशी भांडी बहिणीकडे ठाण्याला नेली, एकही फुटलं नाही, पण वजन इतकं की बॅगेत दुसरं फारसं काही बसलं नाही. डझनभर थाळ्या म्हणजे एक बॅग धरून चाला, आणि त्या हिशेबाने आजपासूनच निवडून घ्या.

तुमच्या थाळीबद्दल एक गोष्ट राहिली. शिक्क्याच्या आसपास, झिलईच्या खाली, शाईचा नसलेला, मातीतच दाबलेला एखादा आकडा किंवा अक्षर आहे का ते बॅटरी आडवी धरून बघा. असेल तर त्याचा आणि बुडाचा फोटो पाठवा, काळ आणखी जवळ आणता येतो का ते माझ्याकडच्या लॅम्बर्टनच्या थाळ्यांशी ताडून सांगते.